जिभेवरचं गोंदण

माझ्या जिभेवर एक हिरवं फूल आहे. चार पाकळ्या आणि मध्ये ठिपका. खोटं वाटत असेल तर धुळ्याला देवपुरात या, दाखवते. आतापर्यंत ते दोन जावांनी, एका पोस्टमनने आणि आमच्या शाळेच्या सगळ्या स्टाफने पाहिलंय. मुख्याध्यापिका मॅडमनी डोळे मिटून घेतले, ती गोष्ट वेगळी.

ते फूल तिथे कसं पोचलं हे सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे. मला जिभेचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली आणि दर तपासणीत डॉक्टर "ठीक आहे" एवढंच म्हणतात. ज्यांच्या हातात आजच असा रिपोर्ट पडला असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची माहिती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मी फक्त काय काय घडलं ते सांगणार. माझा स्वभाव थोडं मीठमसाला लावून सांगण्याचा आहे, पण आजाराबद्दल एक अक्षरही वाढवलेलं नाही.

मी निर्मला, वय त्रेपन्न. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एकोणतीस वर्षं बोलण्यावरच पोट आहे. वर्गात बोलते, स्नेहसंमेलनात बोलते, लग्नात सूत्रसंचालन करते आणि कुणी बोलवलं नाही तरी बोलते. माझे मिस्टर भास्करराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढतात. ते दिवसाला सरासरी चार वाक्यं बोलतात. त्यातली दोन "हं" अशी असतात.

*

गणपतीच्या सुमाराला जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला. मी त्याचा आळ जावेच्या शेवभाजीवर घेतला. ती तिखट करतेच, मोकळ्या मनाने सांगते. शेजारच्या काकूंनी साजूक तूप लावायला सांगितलं. जावेने, स्वतःवरचा आळ जावा म्हणून असेल, तुरटीच्या गुळण्या सुचवल्या. कुणी म्हणालं उष्णता आहे, कुणी म्हणालं पोट साफ नाही. सगळ्यांचं ऐकलं. फोड मात्र कुणाचंच ऐकेना.

शेवटी भास्करराव म्हणाले, "दातांच्या डॉक्टरकडे जाऊ." त्या दिवसाचं ते तिसरं वाक्य होतं, म्हणून मी गांभीर्याने घेतलं.

दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "तंबाखू?"

"छे! शिक्षिका आहे मी."

तिने "नाही" लिहिलं. दाढेचा एक धारदार कोपरा घासून गुळगुळीत केला आणि बजावलं, "पंधरा दिवसांत भरलं नाही तर नक्की यायचं हं, बाई." मी गेले नाही. सहामाही परीक्षा होती, मग दिवाळी होती, मग पेपर तपासायचे होते. दुखत तर फारसं नव्हतंच. हे वाक्य अधोरेखित करून वाचा. फारसं दुखत नव्हतं. जे दुखत नाही ते साधं असणार, असं मी धरून चालले आणि त्यात माझे दोन महिने गेले.

डाव्या कानात कळा येऊ लागल्या तेव्हा पुन्हा तिच्याकडे गेले. तिने तोंडात पाहिलं, बॅटरी विझवली आणि जळगावच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

*

जळगावचे डॉक्टर माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे. त्यांनीही तेच विचारलं.

"तंबाखू?"

"नाही."

"गुटखा? पान, सुपारी?"

"नाही हो डॉक्टर. आमच्या घरात कुणालाच कसलं व्यसन नाही."

शेजारची खुर्ची करकरली. "मिश्री लावते ती," भास्करराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट बाहेर गेला असता. "अहो, ते दात घासणं झालं!"

"दिवसातून किती वेळा घासता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी. शाळेतून आल्यावर. जेवण झालं की. झोपायच्या आधी."

"मधल्या सुट्टीत," भास्करराव म्हणाले. संसारातलं अठ्ठावीस वर्षांचं मौन त्यांनी नेमकं त्या दिवशी सोडलं होतं.

"मॅडम, इतके दात मळतात कशाने?"

"मळत नाहीत... सवय आहे."

"बरं, मिश्री तयार कशी करतात? मला माहीत नाही, सांगा."

कुणी "माहीत नाही" म्हटलं की माझ्यातली शिक्षिका उभी राहते. मी हात उंचावून सुरू झाले. "तव्यावर तंबाखू घ्यायचा, मंद आचेवर काळा होईस्तोवर..."

आणि थांबले. सत्तावीस वर्षांत वाक्य अर्धं सोडायची माझी ती पहिली वेळ. माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं होतं.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर हसाल. पण आमच्याकडे चांगल्या शिकलेल्या बायका छातीवर हात ठेवून सांगतात, "मला कसलं व्यसन नाही," आणि त्याच वेळी त्यांच्या कमरेला मिश्रीची डबी खोचलेली असते. तंबाखू पुरुष खातात, आम्ही दात घासतो. असत्य बोलायचा हेतू नसतो, खरंच तसं वाटतं. माझं तर पुढचं ऐका. आमच्या शाळेच्या तंबाखूविरोधी कार्यक्रमात मी स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं होतं. त्यात राक्षसाचं काम मीच केलं होतं, काळा झगा घालून, डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं बांधून. "मी तंबाखू! मी तुमचा जबडा खाणार!" पोरं किंचाळली होती. पडदा पडला आणि मी शिंगं काढून विंगेत उभ्या उभ्या मिश्री लावली.

*

तुकडा काढून तपासायला द्यायचा ठरला तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "हात लावू देऊ नको, सुई लागली की पसरतो." मी डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तपासला नाही तर जास्त पसरतो. फक्त कुणाला कळत नाही." मी तोंड उघडलं.

रिपोर्ट आला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली ठेवलेलं एक बसचं तिकीट, बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारणारी नर्स. डॉक्टर म्हणाले, जिभेचा एक तृतीयांश भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, मग किरणांचा उपचार. गाठ अजून आवाक्यात आहे.

"डॉक्टर, मला बोलता येईल?"

"येईल. पण कसं, ते आज नाही सांगता येणार. काही जणांना छान येतं. काहींचं फक्त घरच्यांना समजतं."

मरणाची भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली, खोटं कशाला सांगू? पण ती रांगेत दुसरी होती. पहिली भीती वेगळी होती. नववी ब च्या वर्गात मी काहीतरी बोलतेय आणि पासष्ट पोरं एकमेकांकडे बघतायत, असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

जळगावातच, मेहरूणला, माझी थोरली बहीण राहते, अक्का. तिच्या घरी जायच्या आधी आम्ही तिथल्या तलावाच्या काठी बसलो. भास्कररावांनी शेंगदाण्यांची पुडी आणली. बराच वेळ ते सोलत राहिले आणि माझ्या हातावर दाणे ठेवत राहिले. मग म्हणाले, "समज, फक्त मलाच समजलं, तर मी तुझा दुभाष्या होईन."

"तुम्ही? चार वाक्यांत?"

"तू चाळीस बोल. मी चार सांगेन. लोकांचं कल्याण होईल."

मी इतकी हसले की शेंगदाणा नाकात गेला. हसता हसता रडले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि अगदी हळू म्हणाले, "मला आधीच बोलायला हवं होतं, निर्मला. डबी रोज दिसत होती." हे सगळ्यात जड होतं. मला समजत नव्हतं आणि त्यांना बोलवत नव्हतं, अशी आमची जोडी.

*

ऑपरेशनला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी पुढच्या दहा वर्षांचं बोलून घेतलं. मुख्याध्यापिका मॅडमना सांगितलं की तुमचं परिपाठातलं भाषण फार लांबतं. जावेला सांगितलं की शेवभाजीवर मी उगाच आळ घेतला, पण ती तिखट असतेच. विहारात वंदना झाल्यावर माइक हातात घेऊन सगळ्या बायकांना मिश्रीबद्दल सुनावलं. दोघी उठून गेल्या. एकीने नंतर विचारलं, "बाई, तपकीर चालते का?" मी म्हटलं, "तीही तंबाखूच. गुल म्हणून दाताला लावतात तोही. नाव कोणतंही असो."

एक व्यक्ती मात्र माझं काहीच ऐकायला आली नाही. अक्का.

मी तेरा वर्षांची असताना दाढ ठणकत होती. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी तेव्हा दातांचा डॉक्टर कुठला? अक्काने आपल्या बोटावरची चिमूट माझ्या हिरडीवर चोळली. गरगरलं, ओकारी आली आणि दाढ ठणकायची थांबली. तेव्हापासून आम्हा बहिणींचं ते गुपित होतं. दर शनिवारी ती तंबाखू भाजायची, पूर्ण गल्ली शिंकायची. लग्नानंतरही माझी डबी तीच भरून पाठवायची.

त्या संध्याकाळी तिला माझा रिपोर्ट सांगितला आणि दुसऱ्या दिवसापासून तिने फोन उचलणं बंद केलं.

*

ऑपरेशन नऊ तास चाललं. जिभेत जी जागा रिकामी झाली तिथे डाव्या मनगटाची कातडी बसवली, आणि मनगटावर मांडीची. डॉक्टरांनी आधी चित्र काढून समजावलं होतं, पण एक गोष्ट त्यांनाही सुचली नव्हती. मनगटावर लहानपणी यात्रेत गोंदून घेतलेलं फूल होतं. ते कातडीसोबत तोंडात गेलं.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, गळ्यात नळी, मानेला टाके, हाताला आणि मांडीला पट्ट्या. आवाज शून्य. हातात वही आणि पेन. सत्तावीस वर्षं पोरांना "तोंड बंद, वही उघडा" म्हणत आले, ते माझ्यावरच उलटलं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. लाळ गिळता येत नव्हती, सारखी यंत्राने ओढावी लागायची. आपण माणूस आहोत की तुंबलेली मोरी, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी न सांगता माझे केस विंचरले आणि घट्ट वेणी घातली. त्या वेणीने मला जितकं बरं वाटलं तितकं सलाइनने नाही वाटलं. आजारी माणसाला भेटायला जाताना फळं नेऊ नका, कंगवा न्या.

शेजारच्या खाटेवर शेवंताबाई होत्या, शेतकरी घरातल्या. त्यांच्या गालाचं ऑपरेशन झालं होतं, पण त्या बोलू शकत होत्या. लिहिण्याचा मला कंटाळा आला तेव्हा मी हातवारे सुरू केले. सासू आली, दूध उतू गेलं, डॉक्टरांचं पोट, असं सगळं करून दाखवायचे आणि त्यांनी ओळखायचं. त्या एकदाही चुकल्या नाहीत. "बाई, तुनं बठ्ठं नाटक माले समजस," त्या आमच्या अहिराणीत म्हणाल्या, "तुले बोलानी गरज काय शे?" आणि गाल धरून हसल्या. नर्स धावत आली. "टाके तुटतील! दोघींना वेगळ्या खोलीत टाकीन!" शाळेत असं मी रोज म्हणायचे.

*

पाचव्या दिवशी अक्का आली. चार दिवस तिने भास्कररावांसाठी दाजींच्या हातून डबा पाठवला होता, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, सगळं. पण स्वतः पंधरा मिनिटांवरून आली नव्हती. आता खाटेशेजारच्या स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावून. आम्ही दोघी एकत्र बसलो की दाजी टीव्ही बंद करून टाकतात, काही ऐकूच येत नाही म्हणून. आणि त्या दिवशी एकीला बोलता येत नव्हतं, दुसरीला बोलवत नव्हतं.

शेवटी ती पुटपुटली, "मीच तुले जहर दिनं वं बहीण. मना हाते."

मी वही ओढली. "तुझी चूक नाही" लिहिलं असतं तर तिने वहीच फेकली असती. तिची नजर माझ्या पट्टी बांधलेल्या मनगटावर होती. तिच्याही मनगटावर तसंच फूल आहे, आम्ही एकाच दिवशी एकाच बाईकडून गोंदून घेतलं होतं. मी लिहिलं, "फूल आता तोंडात आहे."

अक्का चौथी शिकलेली. तिने अक्षराला अक्षर जोडून ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आणि तिला जे हसू फुटलं! पदरात मावेना, स्टुलावरून पडायची वेळ आली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू. "काय वं, जिभले गोंदी लिधं!"

ती हसली तेव्हा तिचं तोंड उघडलं. खालच्या हिरडीवर मला पांढरा चट्टा दिसला. माझा हसायचा विचार तिथेच संपला. मी लिहिलं, "कमरेची डबी काढ." काढेना. मी नर्सच्या घंटीचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. नर्स आली, मागून डॉक्टर आले, आणि मी एका हाताने अक्काकडे आणि दुसऱ्याने माझ्या तोंडाकडे बोट दाखवत राहिले. शेवंताबाईंनी भाषांतर केलं. पूर्ण वॉर्डासमोर अक्काने तोंड उघडलं.

तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण तिकडे जाणारी वाट होती. मिश्री सुटली तर चट्टा उतरायची आशा होती, आणि उतरलाही. सुटताना मात्र तिने घर डोक्यावर घेतलं. दाजी महिनाभर संध्याकाळी तलावावर जाऊन बसत.

*

नंतर किरणांच्या तीस खेपा झाल्या. चेहऱ्याला जाळीचा मुखवटा घालून टेबलावर अडकवतात. दुखत नाही, पण तोंड आतून सोलून निघतं आणि चव जाते. चहा आणि रांगोळी सारखीच लागायची. घरी एक बाई आल्या, त्यांनी माझा कप वेगळा ठेवला. मी त्यांच्याच कपातून चहा प्यायले. हा आजार उष्ट्याने लागत नाही, हे त्यांना वहीत लिहून दाखवण्यापेक्षा सोपं होतं.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मुगाच्या वरणातलं मीठ लागलं. मी भास्कररावांना ओरडून बोलावलं. त्यांना वाटलं काही झालं. "खारट," मी म्हटलं. "जास्त झालंय?" त्यांनी घाबरून विचारलं. वरण त्यांनी केलं होतं. मी त्यांना सांगितलं की आयुष्यात इतकं चांगलं वरण मी खाल्लं नाही, आणि ते खरंच जास्त खारट होतं.

बोलण्याचे व्यायाम रोज दोन तास. आरशासमोर बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती मोठ्याने वाचायच्या. भास्करराव समोर बसून जेवढं समजलं तेवढं कागदावर उतरवायचे. पहिल्या आठवड्यात दहा ओळींतल्या दोन उतरल्या. मी कागद फाडला. दुसऱ्या महिन्यात पाच उतरल्या. त्यानंतर एकदा मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि तो बरोबर घरी घेऊन आला. मी त्याला आत बोलावून चहा पाजला. का, ते त्याला अजून माहीत नाही.

*

दहा महिन्यांनी शाळेत गेले. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, "ग्रंथालय सांभाळा ना, दगदग नको." त्यांच्या मनात खरंच काळजी होती. मी म्हटलं, "महिनाभर वर्ग द्या. पोरांना समजलं नाही तर स्वतःहून ग्रंथालयात जाईन." त्यांनी महिना दिला.

पहिला दिवस. नववी ब. मी शिकवू लागले आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आधी वाटलं, मन लावून ऐकतायत. दोन दिवसांत लक्षात आलं, त्यांना सांगून ठेवलं होतं, बाई आजारी होत्या, त्रास द्यायचा नाही. कुणी बोलत नव्हतं, खोडी काढत नव्हतं, "समजलं नाही" असंही म्हणत नव्हतं. मी प्रश्न विचारला की सगळे "हो बाई" म्हणायचे. "कविता कुणाची आहे?" "हो बाई." आजारपणात मी इतकी कधी घाबरले नव्हते. समजतं की नाही हेच मला कळेना. तीन आठवडे असे गेले. मनातल्या मनात मी ग्रंथालयातली कपाटं लावायला घेतली होती.

चौथ्या आठवड्यात मला स्टाफरूममधून यायला थोडा उशीर झाला. वर्गाजवळ पोचले तर आतून माझाच आवाज. फळ्यासमोर वैशाली नावाची मुलगी उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा हवेत, आणि माझ्या नव्या, जडसर, डावीकडे झुकलेल्या बोलण्यात ती अख्खी कविता समजावून सांगत होती. मी काल शिकवलेला अर्थ, शब्दाला शब्द. एकही ओळ सुटली नव्हती. वर्ग बाकं बडवत होता.

कुणीतरी मला पाहिलं. एकदम सगळं थिजलं. वैशालीचा हात हवेतच राहिला.

मी आत गेले, हजेरीपट टेबलावर ठेवला आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हात ठीक आहे," मी म्हटलं. "कंबरही. पण जीभ चुकतेय तुझी. मी अशी नाही बोलत. टोक खालच्या दाताला टेकव आणि उजवीकडे दाब. हं, आता म्हण."

तिने घाबरत घाबरत म्हटलं.

"मोठ्याने. शेवटच्या बाकाला काय कळलं?"

मागून एकदम पाचसहा आवाज आले, "सगळं कळलं, बाई!"

मग तिने पुन्हा म्हटलं, हुबेहूब माझ्यासारखं, आणि वर्ग फुटला. दोघं बाकावर चढली, एकीची पाण्याची बाटली सांडली, आणि शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. त्या तासाला मला "गप्प बसा" असं सात वेळा ओरडावं लागलं. पहिल्यांदाच ओरडले तेव्हाही त्यांना नीट समजलं होतं, पण बसलं कुणीच नाही.